महागड्या व्हॅक्यूम क्लीनरचे पैसे नेमके कशाचे?

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मागच्या महिन्यात एक विक्रेता येऊन गेला. त्यानं गादीवरची चादर काढली, मशीनच्या नळीत पांढऱ्या कापडाची गोल चकती बसवली आणि दहा-पंधरा सेकंद गादीवरून ब्रश फिरवला. मग चकती काढून वहिनींच्या तळहातावर ठेवली. तिच्यावर राखाडी, पिठासारखी मऊ धूळ साठली होती. वहिनींचा धाकटा मुलगा दम्याचा पंप घेतो. त्यांचा चेहराच उतरला. "ह्याच्यावर आम्ही पोराला झोपवतोय?" किंमत ४८ हजार, आज बुकिंग केलं तर ४२.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही असलं वाचत असता. घेऊ का नको, तेवढं सांगा."

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी साडेपाच हजाराला घेतलेलं साधं, वायरचं मशीन आहे. ते उचलून त्यांच्याकडे गेलो. नळी आणि पाइप जिथं जोडतात तिथं जुन्या धोतराचा पातळ तुकडा ताणून बसवला आणि विक्रेत्यानं न शिवलेल्या अर्ध्या गादीवर तेवढाच वेळ ब्रश फिरवला. तीच राखाडी धूळ, साधारण तेवढीच. मग कापड बदलून विक्रेत्यानं साफ केलेल्या भागावर फिरवला. तिथंही धूळ आली, थोडी कमी. तिसऱ्यांदा फिरवला, तरी आलीच.

कापसाच्या गादीत वर्षानुवर्षं माणसाच्या त्वचेचे कण, कापसाचं तूस, बारीक माती असं सगळं मुरलेलं असतं. कुठलंही मशीन फिरवा, प्रत्येक वेळी थोडं वर येणारच. गादीत धूळ आहे, एवढंच त्या चकतीनं सिद्ध झालं. हे मशीन दुसऱ्यापेक्षा चांगलं आहे, हे सिद्ध व्हायला दोन्ही मशीनं शेजारी-शेजारी, सारख्याच मळक्या जागेवर, सारखाच वेळ चालवायला हवीत. विक्रेत्याला मी खोटा म्हणत नाही. धूळ खरीच होती. पण धूळ बघून घाबरलेल्या आईकडून त्याच दिवशी होकार घ्यायचा, ही पद्धत मला पटत नाही.

ही कापडाची युक्ती जुनी आहे. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं खुर्चीच्या मऊ बैठकीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढली होती आणि रुमालाला लागलेली धूळ बघून आपली कल्पना चालेल अशी खात्री करून घेतली होती. त्याचं पहिलं मशीन घोडागाडीवरून रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागायच्या. आजच्या मशीनचंही मूळ तत्त्व तेच आहे. ते समजून घेतलं की खोक्यावरचे निम्मे आकडे आपोआप गप्प बसतात.

पंप कसा चालतो हे आपल्या जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. किर्लोस्करवाडी इथलीच, कृष्णेचं पाणी उचलून वर नेणाऱ्या ताकारी आणि म्हैसाळ योजना इथल्याच. शेतकरी पंप घ्यायला जातो तेव्हा नुसता एचपी विचारून थांबत नाही. हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढेल, आणि डिस्चार्ज किती, म्हणजे पाणी किती येईल, हे विचारतो. व्हॅक्यूम क्लीनर हा हवेचा पंप आहे. आतला पंखा हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळं आत दाब कमी होतो, आणि खोलीतली हवा ती जागा भरायला नळीतून आत धावते. धावताना वाटेतली धूळ घेऊन जाते.

इथं हेड म्हणजे ओढ. ती किलोपास्कलमध्ये मोजतात. २० किलोपास्कल ओढ म्हणजे उभ्या नळीत पाणी साधारण दोन मीटर, म्हणजे दाराच्या चौकटीएवढं वर चढेल इतकी. डिस्चार्ज म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा जाते ते. आता पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. हेड सगळ्यात जास्त दिसेल, पाणी मात्र शून्य. व्हॉल्व्ह मोकळा सोडा. पाणी भरपूर, पण दाब जवळजवळ नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला '२०,००० पास्कल' हा आकडा सहसा नळीचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा असतो. त्या क्षणी मशीन धुळीचा एक कणही उचलत नसतं.

धूळ उचलायला ओढ आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. स्ट्रॉनं उसाचा रस पिताना तोंडाची ओढ चांगली असते, पण हवा किती? चमचाभर. टेबलफॅन ढीगभर हवा हलवतो, पण सोफ्याच्या खाचेत अडकलेला लाडवाचा चुरा त्याच्यानं निघत नाही. म्हणून दोन्हींचा गुणाकार बघायचा, त्याला एअर वॉट म्हणतात. एक किलोपास्कल ओढीनं सेकंदाला एक लिटर हवा जात असेल तर ती एक वॉटची कामाची ताकद. समजा मशीनची कमाल ओढ २० आणि कमाल हवा ३२ लिटर आहे. दोन्ही गुणून ६४० म्हणायचं नाही, कारण दोन्ही कमाल एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. मधल्या टप्प्यावर दोन्ही साधारण निम्मे होतात, १० गुणिले १६, म्हणजे १६० एअर वॉट. दुकानात विचारायचा आकडा हा. सांगत नसतील तर निदान ओढ आणि हवा असे दोन आकडे मागा. एकच आकडा पुढं करून किंमत सांगणाऱ्याला पंपवाल्यासारखं विचारा, 'डिस्चार्ज किती?'

मग खोक्यावरचे '१६०० वॉट' कशाचे? मशीन मीटरमधून किती वीज ओढतं त्याचे. जास्त वॉट म्हणजे जास्त सफाई असं नसतं. युरोपियन युनियननं सप्टेंबर २०१४ पासून घरगुती मशीनला १६०० वॉटची कमाल मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली. कंपन्यांनी पंखा, नळीचा आकार आणि ब्रशचं तोंड सुधारलं आणि कमी विजेवर काम भागवलं. बिलाची मात्र फार काळजी नको. १४०० वॉटचं मशीन वीस मिनिटं चालवलं तर अर्धं युनिटसुद्धा जळत नाही.

आता वहिनींचा खरा प्रश्न, दम्याचा. इथं फिल्टर समजून घ्यायला हवा, आणि त्यासाठी आपली पिठाची गिरणी पुरेशी आहे. गिरणीच्या तोंडाला लांब कापडी बाही बांधलेली असते. पीठ खाली डब्यात पडतं, हवा कापडातून बाहेर जाते. पण गिरणीवाल्याच्या भुवया बघा, पांढऱ्या झालेल्या असतात. सगळ्यात बारीक पीठ कापडातून किंवा बाहीच्या सैल बांधणीतून निसटतंच. व्हॅक्यूमची साधी कापडी पिशवी हेच करते. मोठी धूळ आत ठेवते आणि जी श्वासात जाईल ती बारीक धूळ मागून खोलीत फेकते. व्हॅक्यूम मारल्यावर खोलीत एक विशिष्ट वास येतो, तो यातलाच.

हेपा फिल्टर म्हणजे बारीक तंतूंची घट्ट घड्या घातलेली चटई. ०.३ मायक्रॉनचे कण हवेतून पकडायला सगळ्यात अवघड जातात, आणि खरा हेपा त्यातलेही ९९.९७ टक्के अडवतो. युरोपीय मोजमापातला 'एच १३' हा दर्जा ९९.९५ टक्क्यांचा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलं असेल तर तो हा नव्हे. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर उपयोग नाही. गिरणीची बाही सैल बांधली तर कापड किती जाड आहे याला काय अर्थ? म्हणून चांगल्या मशीनमध्ये फिल्टरभोवती आणि झाकणाला रबरी सील असतं. झाकण उघडून ते बोटानं चाचपून बघा. पैसे जास्त मोजायचे असतील तर मी ते या सीलसाठी आणि खऱ्या हेपासाठी मोजेन.

पण दम्याचं म्हणून सरळ सांगतो, कारण इथं लोक मुलाच्या काळजीपोटी कर्ज काढतात. गादीतले धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत, साधारण पाव मिलिमीटरचे असतात. त्रास त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी होतो. जिवंत किडे तंतूंना घट्ट धरून बसतात आणि व्हॅक्यूमनं फारसे निघत नाहीत. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत धूळकिडे कमी करण्याच्या उपायांवरच्या पन्नासहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात गादीची आवरणं होती, फवारे होते, व्हॅक्यूमही होता. दम्यात ठळक सुधारणा दिसली नाही. तेव्हा ४२ हजारांचं मशीन घरात आलं म्हणून मुलाचा पंप सुटणार नाही, आणि डॉक्टरांना न विचारता तो सोडवायचाही नाही.

त्याआधी स्वस्तातलं करून बघण्यासारखं आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ५५-६० अंशांच्या पाण्यात धुवा, त्या तापमानाला किडे मरतात. गादी कडक उन्हात टाका आणि ऊन दाखवून झाल्यावर मग व्हॅक्यूम मारा, कारण मेलेल्या किड्यांची घाण उन्हानं जात नाही. झाडताना किंवा व्हॅक्यूम मारताना मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतरही तासभर तिथंच राहू दे. उडालेले हे कण जड असतात, थोड्या वेळात खाली बसतात.

आता जमिनीकडे या. महागड्या मशीनच्या किमतीत आणखी एका गोष्टीचा पैसा असतो, मोटरवर फिरणाऱ्या ब्रशचा. तो ज्या देशांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो तिथल्यासाठी घडलाय. गालिच्याच्या मुळाशी बसलेली माती नुसत्या हवेनं निघत नाही, आधी ती झोडपून सैल करावी लागते. आपल्याकडं काय असतं? गावभागातल्या जुन्या वाड्यात शहाबादी, त्यानंतरच्या घरांत मोझॅक किंवा कोटा, आणि नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स. धूळ वरच बसलेली असते. सतरंजी गॅलरीत झटकून होते. अशा फरशीवर फडा आणि ओला पोछा ही जोडी आजही सगळ्यात स्वस्त आणि चोख आहे, असं मला मनापासून वाटतं. फरशीसाठी म्हणून ४० हजार घालायचे असतील तर ते मी घालू देणार नाही.

व्हॅक्यूमची खरी जागा फरशीच्या वर आहे. स्लायडिंग खिडकीच्या खाचेत पाऊस आणि माती मिळून जो चिखल वाळतो, तो. सोफ्याची फट, पुस्तकांचा माथा, जाळ्या, पडद्यांच्या चुण्या. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की गॅलरीत येणारी काजळी. शेतात पाचट पेटवलं की काळे, हलके तुकडे उडत येतात. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर एक पडला आणि तुम्ही बोटानं पुसायला गेलात की लांब काळी रेघ उमटते. फडक्यानं पुसली की गॅलरीच्या फरशीचंही तसंच होतं. तिथं मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम अलगद फिरवला तर काजळी न चुरडता उचलली जाते, मग हवं तर पुसा. हे काम फड्यानं होत नाही. पण या कामाला पाच-सहा हजाराचं वायरचं मशीनसुद्धा पुरतं.

मग बिनवायरचं, हातातलं, तीस-चाळीस हजारांचं मशीन कशासाठी घ्यायचं? हलकेपणासाठी. साध्या मशीनमध्ये मिक्सरच्याच जातीची कार्बनची मोटर असते, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे घासत चालणारी, जड आणि आवाजी. महागड्यात कार्बन नसलेली छोटी मोटर मिनिटाला लाखभर फेरे घेते, त्यामुळं पंखा मुठीएवढा करता येतो. धूळ वेगळी करायला कापडाऐवजी भोवरा असतो. हवा गोल फिरवली की जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात. मोठ्या गिरण्यांवर पत्र्याचा जो उलटा शंकू दिसतो, त्याचं हे लहान रूप. लाकडाच्या गिरणीवर तसा शंकू बघूनच ब्रिटनच्या जेम्स डायसनला ही कल्पना सुचली आणि मशीन जमेपर्यंत त्यानं ५,१२७ नमुने केले. ही मेहनत खरी आहे आणि तिचा पैसा किमतीत असतो.

फक्त बॅटरीचा हिशेब स्वतः करा. समजा बॅटरी ७५ वॉट-अवरची आहे आणि पूर्ण ताकदीवर मोटर ४५० वॉट ओढते. ७५ भागिले ४५०, म्हणजे तासाचा सहावा भाग, दहा मिनिटं. खोक्यावरची ६० मिनिटं सगळ्यात कमी ताकदीची असतात. तीन खोल्यांच्या घराला कमी ताकद चालेलही, पण गादीला ती दहा मिनिटंच टिकणारी पूर्ण ताकद लागेल. आणि लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकते, तेव्हा ती किंमत आजच धरून चाला.

या महिन्यात मी माझं मशीन गावातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडं नेलं होतं, ओढ कमी झाली होती म्हणून. त्यांनी आधी मोटरला हातच लावला नाही. फिल्टर काढला, टेबलाच्या कडेवर आपटला, आणि वर्तमानपत्रावर करड्या रंगाची एक जाड पापडी पडली. "मोटर गेली म्हणून आणतात हो लोक. फिल्टर तुंबलेला असतो." विहिरीत फूटव्हॉल्व्हला शेवाळ धरलं की पंप कसा रिकामा घरघरतो, तसंच. मग त्यांनी मोटरमधले कार्बन दाखवले, पेन्सिलीच्या तुकड्याएवढे, झिजून निम्मे झालेले. काही शे रुपयांत बदलून दिले. शेजारी एक बिनवायरचं महागडं मशीन पडलं होतं. त्याकडं हात करून म्हणाले, "ह्याला मी हात लावत नाही. बॅटरीचा पॅक आणि सर्किट कंपनीचंच लागतंय, आणि त्यांचं सेंटर इथं नाही." ते मशीन कुरिअरनं पाठवायचं होतं. घेण्याआधी हे विचारायलाच हवं. सर्व्हिस सांगलीत आहे का, मिरजेत, कोल्हापुरात की पुण्यात? फिल्टर आणि पिशव्या दुकानात मिळतात का? नवी बॅटरी केवढ्याला? उत्तर लिहून घ्या.

आणखी एक, नदीकाठच्या लोकांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घराघरांत गाळ साचला होता. साध्या व्हॅक्यूमनं ओलं काही ओढायचं नाही, पाणी मोटरपर्यंत गेलं की मशीन संपलं आणि शॉकचाही धोका. ओलं-सुकं दोन्ही ओढणारं डब्याचं मशीन वेगळं असतं, फारसं महागही नसतं, आणि हरिपूर रस्त्याला किंवा गावभागात राहणाऱ्यानं घ्यायचंच तर मी तेच सुचवेन. तेही पाणी उतरून वीज तपासून झाल्यावरच लावायचं. आपोआप फिरणाऱ्या रोबोट व्हॅक्यूमबद्दल एवढंच, की घरात उंबरे, जमिनीवर वायरी आणि खेळणी असतील तर तो दिवसभर अडकत राहतो.

राहिला पैशांचा हिशेब. वहिनींबरोबर कागदावर मांडला तो असा. ३५ हजारांचं हलकं मशीन, सात वर्षं, मध्ये एकदा सहा हजारांची बॅटरी, एकूण ४१ हजार. आठवड्यातून दोनदा वापरलं तर सात वर्षांत ७२८ वेळा, दर वेळेला सुमारे ५६ रुपये. सहा हजारांचं जड मशीन माळ्यावर ठेवलं आणि महिन्यातून एकदाच काढलं तर ८४ वेळा, दर वेळेला ७१ रुपये. म्हणजे स्वस्त मशीन महाग पडलं. पण तेच सहा हजाराचं मशीन दाराआड, हाताशी ठेवून आठवड्यातून एकदा वापरलं तर ३६४ वेळा, साडेसोळा रुपये. किंमत मशीनवर जेवढी छापलेली असते, तेवढीच ते कुठं ठेवलंय आणि कोण उचलणार यावरही ठरते.

"उचलणार कोण?" मी विचारलं. वहिनी क्षणभर थांबल्या. त्यांची कंबर दुखते. सफाई मावशी करतात, नऊ वर्षं. मशीनबद्दल आजवर मावशींना कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी आधी गादी गच्चीवर उन्हात गेली. मग वहिनी मावशींना घेऊन दुकानात गेल्या, मीही गेलो. दुकानदारानं सहा मशीनं काढून ठेवली. मावशींनी प्रत्येकाची मूठ धरून खांद्याएवढं वर उचलून बघितलं, पाइप हातात घेऊन खाली वाकावं लागतंय का तेही बघितलं. सर्वांत महागडं बिनवायरचं त्यांनी पहिल्या झटक्यात बाजूला ठेवलं. "वजन सगळं मुठीतच येतंय, बाई. वर जाळ्याला धरलं की मनगट जातंय." वायरचं, चाकांवर मागून येणारं, पिशवीचं, आत रबरी सील आणि एच १३ चा फिल्टर असलेलं एक मशीन त्यांनी दोनदा दुकानभर ओढून आणलं. किंमत अकरा हजारांच्या आत होती. वहिनींनी झाकण उघडून सील बोटानं चाचपलं, दुकानदाराला पिशव्यांचं पाकीट आहे का विचारलं. दोन होती. दोन्ही घेतली.